रानसशाचं मटण वातड का होतं आणि घरी ते कसं शिजवावं

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी ताईंचा प्रश्न आहे. शेजारच्या शेतकऱ्याने त्यांना दोन रानससे दिले, साफ करून, कातडी काढून. त्यांची आजी माणदेशातली. आजीच्या तोंडून सशाच्या रश्श्याचं वर्णन लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून त्यांनी पहिला ससा आजीच्या पद्धतीने केला. तुकडे केले, हळद-मीठ लावलं, कुकरला सहा शिट्ट्या काढल्या आणि वरून सुक्या खोबऱ्याचं, काळ्या मसाल्याचं वाटण घातलं. रस्सा चांगला झाला, पण मटण सुतळीसारखं झालं, चावता चावेना. दुसरा ससा फ्रीजरमध्ये आहे. त्याचं काय करू, असं त्या विचारतात.

ताई, तुमचा मसाला चुकला नाही. तुम्ही सशाला बकऱ्याचं मटण समजून शिजवलंत, अडचण तिथे झाली. मी वेल्सच्या सीमेवरच्या श्रॉपशरमध्ये राहते आणि इथल्या एका गावच्या पबच्या स्वयंपाकघरात 18 वर्षं काम केलं आहे. शरद ऋतू लागला की आठवड्याला दहा-बारा रानससे मागच्या दाराने येत. घरी मी ते आपल्या पद्धतीने करते, कामावर इथल्या पद्धतीने करायचे. दोन्हीकडे एकच गोष्ट पक्की कळली. रानसशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, आणि त्याच्या पायांना लागणारा वेळ आणि पाठीला लागणारा वेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एवढं धरून चाललं की मसाला कुठलाही घाला.

पुढे जाण्याआधी एक फोड करायला हवी, कारण आपल्या भाषेत दोन प्राण्यांना एकच शब्द आहे. महाराष्ट्राच्या माळरानावरचा ससा बिळात राहत नाही. गवतात, झुडपाच्या आडोशाला अंग दाबून बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. इंग्लंडमध्ये शेतकरी ज्याला वैतागलेले असतात तो बिळं करून कळपाने राहणारा ससा. त्याची पिल्लं उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. नॉर्मन लोकांनी तो मटणासाठी आणि कातडीसाठी इंग्लंडात पाळला आणि पुढे तो मोकाट पसरला. माळावरच्या सशाचं मटण गडद तांबडं आणि उग्र वासाचं असतं, बिळातल्या सशाचं फिकट गुलाबी, कोंबडीच्या जवळ जाणारं. आजींचा दणकट काळा मसाला त्या गडद मटणासाठी होता. इथल्या सशाला तोच मसाला निम्म्याने घाला, नाहीतर मटणाची स्वतःची चव उरत नाही.

आणि हे वाचून भारतात कोणाला रानससा करायची इच्छा झाली, तर करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे रानसशाची शिकार बंद आहे, आणि शिकारीचं मटण विकत घेणारा, घरात ठेवणाराही कायद्यात अडकतो. आजीच्या लहानपणी कायदा वेगळा होता आणि माळही वेगळे होते. ब्रिटनमध्ये उलट आहे. इथे 1954 च्या कायद्याने जमीनवाल्यावर ससे आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी आहे, त्यामुळे शेतकरी ससे मारतात आणि खाटकाकडे ते रीतसर विकायला असतात. मी पुढे लिहिते ते अशा ठिकाणच्या सशाबद्दल.

आता मटण वातड का झालं ते. बकऱ्याच्या मटणात चरबी तुकड्यातुकड्यात मुरलेली असते. ते जरा जास्त शिजलं तरी चरबी वितळून घास ओला ठेवते. रानसशात ती सोय नाही. आयुष्यभर पळलेला प्राणी, त्यामुळे पाय म्हणजे नुसते स्नायू आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या चिवट शिरा-पडदे. जोरदार उकळीत स्नायूचे धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. चिवट पडदे मात्र विरघळून मऊ व्हायला वेळ मागतात, तास-दीड तास मंद आच मागतात. तुमच्या सहा शिट्ट्यांत पाणी निघून गेलं आणि पडदे अर्धेच विरघळले. पाठीच्या तुकड्यात तर असले पडदे नावालाच असतात. तो भाग दहा मिनिटांत तयार होतो, पुढची सगळी मिनिटं त्याला नुसतं सुकवतात.

इथून पुढचं बरंचसं सशाच्या वयावर अवलंबून आहे, आणि साफ केलेल्या सशाचं वय ओळखणं अवघड असतं. अख्खा ससा हातात आला तर कान बघा. कोवळ्या सशाचा कान कडेला हाताने सहज फाटतो, जुन्याचा फाटत नाही. कोवळ्याची नखं केसांत लपलेली आणि टोकदार असतात, जुन्याची बोथट आणि बाहेर आलेली. सोललेला असेल तर अंदाज वजनावरून करायचा. साधारण 700 ग्रॅमच्या आतबाहेरचा ससा बहुतेक त्याच वर्षीचा असतो. किलोच्या वर गेला तर तो म्हातारा धरा आणि वेळ दीडपट करा. कोवळा ससा दोघांना पुरतो, मोठा तिघांना. चार माणसं जेवायला असतील तर दोन ससे लागतात.

ससा ओट्यावर घेतला की मी आधी उजेडात धरून बघते. बंदुकीने मारलेला असेल तर अंगात छर्रे असतात. छर्रा शिरताना केसांची एक बारीक बट सोबत आत ओढून नेतो. मटणात काळपट-जांभळा डाग दिसला आणि त्यातून दोन-तीन राखाडी केस डोकावत असले की समजायचं, छर्रा तिथेच आहे. सुरीच्या टोकाने जागा उघडायची, भुवयांच्या चिमट्याने केसांची बट धरून हळू ओढायची. बऱ्याचदा तिच्या मागोमाग मिरीहून बारीक दाणा बाहेर येतो. आजूबाजूचं साकळलेलं रक्तही कापून टाका. हे काम दही, चिंच, कोकम किंवा व्हिनेगर लावायच्या आधी करायचं. छर्रे बहुधा शिशाचे असतात आणि आंबट पदार्थात शिसं जास्त उतरतं. इथली अन्नसुरक्षा यंत्रणा लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी शिशाच्या छर्‍यांची शिकार खाणं टाळावं असंच सांगते. म्हणून घेतानाच विचारा, कसा मारला? रायफलची एकच गोळी डोक्यात, किंवा बिळावर जाळं लावून पकडलेला, असं उत्तर आलं तर उत्तम.

काळीज सोबत आलं असेल तर तेही बघा. गुळगुळीत, एकसारखं गडद तांबडं असेल तर ठीक. त्यावर पांढरे ठिपके असतील तर काळीज फेका, आणि ठिपके बरेच असतील किंवा ससा हडकुळा दिसत असेल तर मी अख्खा ससाच टाकते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हातमोज्यांशिवाय कच्च्या रानसशाला हात लावू नये, कारण तिकडच्या सशांमधून माणसाला टुलारेमिया नावाचा ताप होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात ससे मारायला विषारी आमिषं टाकतात, तेव्हा ससा कुठून आला हे माहीत नसेल तर तो घरात आणू नये. आणि कुठल्याही देशात, तुकडा आतपर्यंत शिजलाच पाहिजे. थर्मामीटर असेल तर हाडाजवळ 71 अंश सेल्सिअस दिसायला हवं. अर्धकच्चा, गुलाबी ससा रानातला असताना मी कोणालाही वाढत नाही.

ब्रिटनमधले म्हातारे शेजारी ससा म्हटल्यावर तोंड वाकडं करतात, त्यामागेही कारण आहे. युद्धाच्या काळात मटणाला रेशन होतं पण सशाला नव्हतं, म्हणून घरोघरी ससाच शिजायचा. मग 1953 मध्ये केंट भागात मिक्सोमॅटोसिस ही सशांची साथ आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत देशातले जवळजवळ सगळे ससे मेले. रस्त्याकडेला डोळे सुजलेले, आंधळे झालेले ससे ज्यांनी पाहिले त्यांनी पुन्हा ससा तोंडात घातला नाही. तो रोग माणसाला होत नाही, पण आजारी ससा खाण्यासारखा नसतो हे उघड आहे.

तुकडे करताना कोयत्याने खटाखट तोडू नका. सशाची हाडं बारीक असतात, फुटली की सुईसारखे कण रश्श्यात येतात. सुरीने सांध्यात कापा. पुढचे पाय अंगाला हाडाने जोडलेलेच नसतात. खांद्याच्या पात्याखालून सुरी सरकवली की पाय अलगद सुटून हातात येतो. मागची मांडी बाहेरच्या बाजूला वाकवली की खुब्याचा गोळा टक्कन वर येतो, त्याच्या भोवतीने कापायचं. मधे उरते ती पाठ. तिच्यावरून पांढरा, चकचकीत पडदा असतो. तो सुरीच्या पात्याने खरवडल्यासारखा काढून टाका, कारण तव्यावर तो आवळतो आणि मटण वाकडं होतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी घासत नेली तर दोन लांब, बोटभर जाडीच्या पट्ट्या निघतात. अख्ख्या सशातला हा सगळ्यात चांगला भाग. बरगड्या, मान आणि कणा वेगळे ठेवा, ते फेकायचे नाहीत.

मग पाय मिठाच्या पाण्यात ठेवायचे. 1 लिटर गार पाण्यात 40 ग्रॅम मीठ विरघळवा, पाय त्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. पाणी सकाळी लालसर होतं. रक्त उतरतं, रानटी वास कमी होतो, आणि मुख्य म्हणजे मिठाचं पाणी मुरलेलं मटण शिजताना कमी सुकतं. इथले काही आचारी याला विरोध करतात, चव धुऊन जाते म्हणतात. अगदी कोवळ्या, ताज्या सशाला मीही हे करत नाही. मोठ्या सशाला न चुकता करते. दुसऱ्या दिवशी पाय धुऊन, पुसून घ्या आणि वाटणात मीठ घालताना हात आखडता ठेवा.

रस्सा असा करा. आधी बरगड्या, मान, कणा पातेल्यात घालून चमचाभर तेलात हळद, ठेचलेला लसूण आणि आलं टाकून परता. दीड लिटर पाणी घाला आणि तासभर मंद उकळू द्या. मग गाळून घ्या. हे झालं अळणी. ससा छर्र्यांनी मारलेला नसेल तर मुलांना यातलंच वाटीभर मीठ-मिरी घालून द्या. उरलेलं रश्श्यासाठी.

दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात 3 मोठे चमचे तेल आणि एक चमचा तूप घ्या. मटणाची चरबी मिळाली तर लिंबाएवढा तुकडा बारीक चिरून आधी वितळवा. इथला खाटीक ती फुकट देतो, मागायला संकोच करू नका. सशाला जी चरबी निसर्गाने दिली नाही ती आपण घालायची, आणि यात आपली पद्धत इंग्रजांपेक्षा पुढे आहे. ते डुकराच्या खारवलेल्या पट्ट्या गुंडाळतात. आपल्या वाटणातलं सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं तेल तेच काम करतं. पाय दोन्ही बाजूंनी बदामी होईपर्यंत परता आणि बाजूला काढा. त्याच तेलात 2 कांदे बारीक चिरून लाल करा. मग वाटण: अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, एक भाजलेला कांदा, 8 लसूण पाकळ्या, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर, चमचाभर तीळ. काळा मसाला मोठा एक चमचा, तिखट आवडीप्रमाणे. तेल सुटेपर्यंत परतायचं, घाई करायची नाही. पाय परत आत टाका आणि गरम अळणी पाय जेमतेम बुडतील इतकं घाला.

आता आच. रश्श्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटला पाहिजे, रटरटता कामा नये. पातेल्यावर खोलगट ताट झाका आणि ताटात पाणी ठेवा, आपल्या आया-आज्या ठेवायच्या तसं. वाफ ताटाला लागून थेंब थेंब परत मटणावर पडते, आणि रस्सा आटला तर ताटातलं गरम पाणीच घालता येतं. कोवळ्या सशाला सव्वा तास, मोठ्याला दोन तास, क्वचित त्याहून जास्त. घड्याळापेक्षा मांडीच्या खालच्या टोकाकडे बघा. मटण हाडावरून वर सरकून अर्धा इंच हाड उघडं पडलं आणि काटा टोचल्यावर अडखळला नाही, की झालं. अजून रबरासारखं लागत असेल तर ते बिघडलंय असं समजून गॅस बंद करू नका. बहुतेक वेळा ते अर्ध्या वाटेवर असतं आणि आणखी 20 ते 30 मिनिटांत मऊ होतं.

कुकर वापरू नका असं मी म्हणत नाही. नोकरी करून आलेल्या बाईला दोन तास कुठले? पण शिट्ट्या मोजायच्या नाहीत. एक शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा, कोवळ्याला 15 आणि मोठ्याला 25 मिनिटं ठेवा, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि मटणातून ओलावा ओढून घेतं. वाटण आधी परतून पायांसोबतच कुकरमध्ये घाला, म्हणजे खोबऱ्याचं तेल सुरुवातीपासून मटणाभोवती राहतं. तुम्ही ते नंतर घातलंत, तोपर्यंत मटण नुसत्या हळदीच्या पाण्यात होतं.

पाठीच्या पट्ट्या या पातेल्यात टाकायच्या नाहीत. त्यांना जेवायला बसायच्या थोडं आधी लसूण, मिरी, मीठ, चिमूटभर हळद आणि तूप चोळा. बिडाचा तवा चांगला तापवा, तूप घाला, पट्ट्या ठेवा आणि दोन मिनिटं हलवू नका. मग उलटा, आच मध्यम करा आणि झाकण ठेवून आणखी तीन-चार मिनिटं. दाबून बघितल्यावर घट्ट लागली आणि कापल्यावर आत कुठे गुलाबी नसली की लगेच काढा. पाच मिनिटं ताटलीत झाकून ठेवा, मग तिरके काप करा. वर लिंबू. हे भाकरीबरोबर सुक्क्यासारखं खातात, आणि ससा आवडत नाही म्हणणारे पाहुणे आधी हेच संपवतात.

मसाल्याचा कंटाळा आला तर इथली साधी पद्धतही घरगुती आहे. पाय पिठात घोळवून लोण्यात परतायचे, कांदा-गाजर घालायचं, दोन चमचे मोहरीचा तयार सॉस, सफरचंदाची सायडर किंवा साधं अळणी, थाइम या सुगंधी पाल्याची एक काडी. झाकणाच्या भांड्यात ओव्हनला 150 अंशांवर दोन तास. शेवटी थोडी साय. मोहरी आणि ससा यांचं जमतं, फ्रान्समध्ये तर ही जोडी घरोघरची आहे.

घरात लहान मुलं असतील आणि ससा छर्र्यांनी मारलेला नसेल, तरी मी पाय हाडासकट वाढत नाही. शिजलेलं मटण कोमट झालं की बोटांनी सोडवते. बारीक हाड बोटाला लागतंच. मग ते कांदा-टोमॅटोवर परतून सुक्कं करते, पोळीत गुंडाळून देते.

तुमच्या फ्रीजरमधल्या सशासाठी असं करा. शनिवारी जेवायचं असेल तर गुरुवारी सकाळी तो फ्रीजरमधून फ्रीजमध्ये खाली काढा, ओट्यावर वितळवू नका. शुक्रवारी संध्याकाळी छर्रे बघा, तुकडे करा, पाय मिठाच्या पाण्यात घाला, आणि अळणी त्याच रात्री करून ठेवा. शनिवारी दुपारी रस्सा चढवा आणि लवकर झाला तर झाला, तो तासभर मुरल्यावर जास्तच चांगला लागतो. पाठीच्या पट्ट्या मात्र भाकरी तव्यावरून उतरल्यावरच तव्यावर जाऊ द्या. आणि ससा गेल्या वर्षीचा, फ्रीजरमध्ये सहा महिन्यांहून जास्त पडलेला असेल, तर रश्श्याचा वेळ तोच ठेवा, पण पाठ तव्यावर न करता तीही सोडवून सुक्क्यात घाला, कारण इतके दिवस गोठलेली पट्टी तव्यावर कोरडीच होते.